एकाच टॅगवरून दोन मशीनवर बिल्ड केलं तर एसएचए जुळत नाही – नेमकं काय काय पक्कं करायचं?

टॅग_आणि_टारबॉल

नमस्कार मंडळी,

आमचं रिलीज पॅकेज म्हणजे एक टार-जीझेड फाइल (टारने एकत्र बांधलेली, जीझिपने दाबलेली). आत तीन गोष्टी असतात: सीमेकने बनणारी सी लायब्ररी आणि तिच्यावर चालणारा कमांड-लाइन प्रोग्रॅम, मावेन या बिल्ड टूलने बनणारा एक जार (जावाचं पॅकेज), आणि कॉन्फिग व एसक्यूएल स्क्रिप्टचं फोल्डर. ग्राहक एक बँक आहे आणि करारात सोर्स एस्क्रोची (सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवण्याची) अट आहे. या वेळी अटीत नवीन कलम आलंय: एस्क्रोत ठेवलेल्या सोर्सवरून त्रयस्थ माणसाने बिल्ड केलं, तर प्रॉडक्शनला दिलेल्या पॅकेजचाच एसएचए-२५६ (फाइलच्या सगळ्या बाइटांवरून निघणारा हॅश, म्हणजे तिचा ठसा) आला पाहिजे.

सध्याची मांडणी अशी. जेनकिन्स या बिल्ड सर्व्हरचे दोन एजंट, म्हणजे बिल्ड करणाऱ्या दोन मशीन, दोन्हीवर उबुंटू २२.०४, जीसीसी ११, सीमेक ३.२२, जेडीके १७. पहिला ऑफिसातला, टाइमझोन आयएसटी. दुसरा क्लाउडवरचा, यूटीसी. बिल्डच्या आधी वर्कस्पेस पूर्ण पुसतो, टॅग (गिटमध्ये नाव देऊन ठेवलेली कमिट) चेकआउट करतो, बिल्ड करतो. दोन एजंटांचे एसएचए वेगळे येतात. इतकंच नाही, त्याच एजंटवर लागोपाठ दोनदा केलं तरी वेगळे येतात. फाइलचा आकार मात्र जवळपास तोच असतो.

व्हर्जन स्ट्रिंग आम्ही गिट डिस्क्राइबवरून (जवळचा टॅग, त्यापुढच्या कमिटची संख्या आणि छोटा हॅश) काढतो आणि पुढे जेनकिन्सचा बिल्ड नंबर जोडतो. प्रोग्रॅमला --व्हर्जन दिलं की ती आणि बिल्डची तारीख छापली जाते.

सुरुवात कुठून करायची? आणि हे शंभर टक्के जुळवणं खरंच शक्य आहे का, की बँकेला 'आतल्या फाइली सारख्या आहेत' एवढ्यावर राजी करावं?

---

जुना_मेकफाइल

शक्य आहे, आणि 'आतल्या फाइली सारख्या आहेत' यावर येऊ नका. त्या आत्ता सारख्या नाहीतच, फक्त आकार सारखा आहे.

आधी डिफोस्कोप घ्या, उबुंटूवर ॲप्टनेच बसतो. दोन टार-जीझेड त्याला द्या. तो थरामागून थर उघडत आत जातो: जीझिप, टार, जार, क्लास फाइल, ईएलएफचे (लिनक्सच्या बायनरीचे) सेक्शन. शेवटी फरक नेमका कुठे आहे ते दाखवतो. --एचटीएमएल देऊन रिपोर्ट फाइलमध्ये घ्या, टर्मिनलवर वाचवत नाही. अंदाजाने फ्लॅग टाकत बसू नका. पंधरा फ्लॅग जमतात आणि कोणता कशासाठी घातला ते सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

तुलनाही क्रमाने करा. आधी तोच एजंट, तोच पाथ, दोन वेळा. इथे जे वेगळं येईल ते वेळेमुळे किंवा बिल्ड नंबरमुळे. ते मिटलं की तोच एजंट, वेगळा पाथ. मग दुसरा एजंट. तिन्ही एकदम बदलले तर कारणं एकमेकांत गुंततात.

आता तुमच्या वर्णनावरूनच दिसणाऱ्या गोष्टी.

बिल्ड नंबर बायनरीतून काढा. एस्क्रोतून बिल्ड करणाऱ्याकडे तुमचं जेनकिन्स नसणार, मग तो नंबर आणणार कुठून? नंबर हवाच असेल तर पॅकेजच्या शेजारी वेगळ्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. कोणता जॉब, कोणता एजंट, किती वाजता, सगळं तिथे लिहा. पॅकेजच्या आत नको.

तारीख. 'सोर्स डेट इपॉक' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे (सगळी कॅपिटल अक्षरं, मध्ये अंडरस्कोर). रीप्रोड्युसिबल बिल्ड्स प्रकल्पाने ठरवलेलं आहे आणि बरीच टूल्स ते पाळतात. किंमत म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, यूटीसीत. ती कमिटमधून घ्या: गिट लॉग -१ --प्रिटी=%सीटी. सीटीच (कमिटची तारीख) घ्या, एटी नको. एटी ही ऑथरची तारीख, चेरी-पिक किंवा रीबेस केल्यावरही जुनीच राहते. जीसीसी ७ पासून डेट आणि टाइम हे दोन्ही मॅक्रो हे व्हेरिएबल पाळतात आणि वेळ यूटीसीत छापतात. तिसरा टाइमस्टॅम्प मॅक्रो मात्र सोर्स फाइलची एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) घेतो, आणि गिट चेकआउट करताना एमटाइम 'आत्ताची' लावतो. तो कोडमध्ये असेल तर काढून टाका. शोधण्यासाठी -डब्ल्यूएरर=डेट-टाइम लावून एकदा बिल्ड करा, तिन्ही मॅक्रोंपैकी कोणताही सापडला की कंपायलर तिथेच थांबतो.

तारीख शेल स्क्रिप्टमध्ये डेट कमांडने काढत असाल तर तिला -यू आणि -डी @इपॉक (इपॉक म्हणजे वरचा सेकंदांचा आकडा) द्या. नाहीतर आयएसटीत रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत पडलेल्या कमिटला एक एजंट आजची तारीख लावेल आणि दुसरा कालची. हा घोळ एरवी दिसत नाही, फक्त रात्रीच्या हॉटफिक्सला दिसतो.

पाथ. सीमेक कंपायलरला सोर्सचा पूर्ण पाथ देतो. त्यामुळे असर्टमधल्या फाइल मॅक्रोत आणि डीबग माहितीत वर्कस्पेसचा पूर्ण पाथ जाऊन बसतो. जेनकिन्समध्ये तोच जॉब एकाच एजंटवर समांतर चालला की दुसऱ्या वर्कस्पेसच्या नावाला '@२' लागतं, म्हणजे पाथ तिथेच बदलला. उपाय: -एफफाइल-प्रीफिक्स-मॅप=<जुना पाथ>=. हा फ्लॅग, जीसीसी ८ पासून आहे. बिल्ड फोल्डर सोर्सच्या बाहेर असेल तर दोन्हींसाठी वेगळा मॅप द्या. एक जागा हमखास राहून जाते: प्रोग्रॅम स्वतःच 'कोणत्या फ्लॅगने बनलो' हे छापत असेल तर सीफ्लॅग्ज स्ट्रिंग म्हणून आत जातात आणि त्यांच्यातून, म्हणजे याच फ्लॅगमधून, पाथ परत आत शिरतो.

स्टॅटिक लायब्ररी देत असाल तर तिच्यात प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलची वेळ, यूआयडी, जीआयडी असतात. लायब्ररी बांधणाऱ्या एआर टूलचा डी मॉडिफायर ते सगळं शून्य करतो. उबुंटूवर तो मुळातच चालू असतो, पण कुणी यू (कॅपिटल) लिहून बंद केलेला नाही ना ते टूलचेन फाइलमध्ये बघा.

आणि टार. साधं टार सीझेडएफ चार ठिकाणी दगा देतं: फाइलींचा क्रम फाइलसिस्टम देईल तसा, वेळ चेकआउटची, मालक बिल्ड करणारा युझर, परमिशन युमास्कप्रमाणे (नव्या फाइलीला कोणत्या परमिशन द्यायच्या नाहीत ते सेटिंग). चारही बांधा:

टार --सॉर्ट=नेम --एमटाइम=@इपॉक --ओनर=० --ग्रुप=० --न्यूमेरिक-ओनर --मोड=यू+आरडब्ल्यू,जीओ=आरएक्स --फॉरमॅट=जीएनयू

यातला शेवटचा एक्स कॅपिटल हवा, म्हणजे एक्झिक्युटचा बिट फक्त जिथे आधीपासून आहे तिथे आणि फोल्डरांनाच लागतो. फाइंड आणि सॉर्टने यादी करून टारला दिलीत तर आधी एलसी_ऑल=सी ठेवा. लोकॅल बदललं की कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा क्रम बदलतो. --सॉर्ट=नेमला तो त्रास नाही.

झेड न लावता टारचा आउटपुट पाइपने जीझिप -एन -९ ला द्या. जीझिपच्या हेडरमध्ये पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये वेळ असते, -एन ती शून्य ठेवतो आणि फाइलचं नावही लिहीत नाही. एका एजंटवर जीझिप आणि दुसऱ्यावर पिगझेड (समांतर चालणारं जीझिप) असला तर कॉम्प्रेस झालेले बाइट वेगळे येणारच, म्हणून टूल एकच ठेवा. उघड्या टारचाही एसएचए नोंदवून ठेवा. जुळलं नाही तर गडबड आत आहे की कॉम्प्रेशनमध्ये ते एका नजरेत कळतं.

---

मावेनकर

जारचं मी सांगतो.

पॉममध्ये (मावेनच्या प्रॉजेक्ट फाइलमध्ये) प्रॉजेक्ट डॉट बिल्ड डॉट आउटपुटटाइमस्टॅम्प ही प्रॉपर्टी टाका. आयएसओ स्वरूपातली यूटीसी वेळ चालते, सेकंदांचा आकडाही चालतो. जार हे झिप आहे, आणि झिपमध्ये वेळ स्थानिक घड्याळाची असते, टाइमझोनची नोंद नसते, अचूकता दोन सेकंदांची आणि सुरुवात १९८० पासून. म्हणून तुमच्या दोन एजंटांत साडेपाच तासांचा फरक प्रत्येक एंट्रीवर पडतो. ही प्रॉपर्टी दिली की सगळ्या एंट्रींना एकच वेळ लागते आणि त्यांचा क्रमही ठरावीक होतो.

पण जुने प्लगइन ती वाचतच नाहीत. जार प्लगइन ३.२.० किंवा पुढचा हवा, असेंब्ली प्लगइनही ३.२.० पासून. पॉममध्ये प्लगइनचं व्हर्जन लिहिलं नसेल तर मावेनच्या आवृत्तीबरोबर येणारं डीफॉल्ट वापरलं जातं. म्हणजे दोन एजंटांवर मावेन वेगळं असलं की प्लगइनही वेगळे. तुम्ही मावेनची आवृत्ती लिहिलेलीच नाही, आधी ती बघा. एमव्हीएन आर्टिफॅक्ट:चेक-बिल्डप्लॅन चालवा, कोणता प्लगइन जुना आहे ते तो नावानिशी सांगतो.

मॅनिफेस्टमध्ये बिल्ट-बाय आणि पूर्ण बिल्ड-जेडीके दिसत असेल तर तेही जुन्या आर्कायव्हरचं लक्षण. नवा फक्त 'बिल्ड-जेडीके-स्पेक: १७' एवढंच लिहितो.

तरीही न जुळल्यास .प्रॉपर्टीज फाइली उघडून पाहा. जावाचं प्रॉपर्टीज.स्टोअर पहिल्या ओळीत # लावून त्या क्षणाची तारीख टाइमझोनसकट लिहितं. एका जारमध्ये शेवटी आयएसटी, दुसऱ्यात यूटीसी. जेडीके १८ पासून जावा.प्रॉपर्टीज.डेट ही सिस्टम प्रॉपर्टी देऊन ती ओळ ठरवता येते. तुम्ही १७ वर आहात, म्हणून ती फाइल मावेनच्या रिसोर्स फिल्टरिंगने बनवा, स्टोअरने नको. गिट-कमिट-आयडी प्लगइन लावला असेल तर त्यातली बिल्ड.टाइम, बिल्ड.होस्ट, बिल्ड.युझर ही सगळी वगळा.

डिपेन्डन्सीत एकही स्नॅपशॉट (त्याच नावाखाली बदलत राहणारी आवृत्ती) नको, व्हर्जनची रेंज नको. एन्फोर्सर प्लगइनचा रिक्वायर-रिलीज-डेप्स नियम लावला की स्नॅपशॉट दिसताच बिल्ड पडतं.

---

कंटेनर_प्रेमी

एवढं सगळं कशाला? एक डॉकरफाइल (कंटेनरची इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) करा, उबुंटू:२२.०४ वरून, त्यात जीसीसी, जेडीके, मावेन टाका आणि बिल्ड तिथेच करा. दोन्ही एजंटांवर पाथ एक, टाइमझोन एक, युझर एक. विषय संपला.

---

हॅशजुळव

विषय अर्धाच संपतो. कंटेनरने पाथ, टाइमझोन, लोकॅल, युमास्क एक होतात हे खरं, आणि ते करावंच. पण घड्याळ कंटेनरमध्येही पुढे सरकतं. तारीख, जीझिपचं हेडर, झिपची वेळ, प्रॉपर्टीजची पहिली ओळ, यांतलं काहीच डॉकर थांबवत नाही.

दुसरं, 'उबुंटू:२२.०४' हा टॅग हलता आहे. त्याच नावाखाली नवी इमेज येत राहते. डॉकरफाइलमध्ये इमेजचा एसएचए-२५६ डायजेस्ट (हॅश) लिहा. आणि डायजेस्ट लिहूनही आत ॲप्ट-गेट अपडेट करून जीसीसी बसवलात तर त्या दिवशी रेपोत जे असेल ते येणार. आज बनवलेली आणि दोन वर्षांनी बनवलेली इमेज एकाच डॉकरफाइलची असूनही वेगळी असेल.

एस्क्रोसाठी डॉकरफाइल पुरत नाही, बनलेली इमेजच ठेवावी लागते. डॉकर सेव्ह करून टार बनवा, तिचा एसएचए नोंदवा. डॉकरफाइल शेजारी ठेवा, पण इमेज कशी बनली याची नोंद म्हणून.

तारखेची आणि टारची दुरुस्ती केल्याशिवाय कंटेनरमध्ये जाऊ नका असं माझं मत आहे. आधी गेलात तर पाथ आणि युमास्कचे दोष झाकले जातात, आणि उद्या त्रयस्थ माणसाने डॉकरऐवजी पॉडमन वापरला किंवा वर्कस्पेस दुसऱ्या ठिकाणी माउंट केली की ते परत वर येतात.

---

टॅग_आणि_टारबॉल

मनापासून आभार. मेकफाइलदादांच्या क्रमाने गेलो. मावेन दोन एजंटांवर खरंच वेगळं निघालं, आता मावेन रॅपरने (प्रॉजेक्टमध्येच मावेनची आवृत्ती ठरवणारी स्क्रिप्ट) पक्कं केलंय. इपॉक, टार, जीझिप आणि आउटपुटटाइमस्टॅम्प लावल्यावर एका एजंटवर त्याच पाथवर दोन्ही बिल्डचा एसएचए जुळला. जार तर दोन्ही एजंटांवर जुळतोय.

आता राहिलंय ते असं:

पाथ बदलला की लायब्ररी जुळते, पण कमांड-लाइन प्रोग्रॅम जुळत नाही. प्रीफिक्स-मॅप लावलाय. डिफोस्कोपमध्ये कोडमध्ये फरक नाही. फरक दोन ठिकाणी: नोट सेक्शनमधला बिल्ड-आयडी, आणि डायनॅमिक स्ट्रिंगच्या सेक्शनमध्ये शून्य बाइटांची एक पट्टी, एकात ती दोन बाइट लांब. स्ट्रिंग्ज (बायनरीतला मजकूर छापणारं टूल) चालवून पाथ कुठेच सापडत नाही.

दुसरं, व्हर्जन स्ट्रिंग. टॅगवर बिल्ड करतोय तोवर ठीक. पण टॅगच्या पुढच्या कमिटवर एका एजंटवर हॅशची सात अक्षरं येतात, दुसऱ्यावर नऊ. मध्येच एका बिल्डला शेवटी 'डर्टी' लागलं, कुणी काही बदललेलं नसताना.

---

जुना_मेकफाइल

पहिला प्रश्न आरपाथचा, म्हणजे शेअर्ड लायब्ररी (.एसओ) कुठे शोधायची ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या पाथचा. दोन बाइट जास्त म्हणजे '@२'. आधी सांगितलं तीच वर्कस्पेस.

घडतं असं. तुमचा प्रोग्रॅम बिल्ड फोल्डरमधल्याच .एसओवर लिंक होतो. तो तिथल्या तिथे चालावा म्हणून सीमेक त्याच्या आरपाथमध्ये बिल्ड फोल्डरचा पूर्ण पाथ घालतो. इन्स्टॉलच्या वेळी तो पाथ पुसतो, पण जागा तशीच राहते आणि तिथे शून्य भरले जातात. ती पट्टी हीच, म्हणूनच स्ट्रिंग्जला पाथ सापडत नाही. बिल्ड-आयडी हा लिंकरने लिंकच्या वेळी सगळ्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे पाथ पुसण्याआधीचा. तो पुन्हा काढला जात नाही. बिल्ड-आयडीतला फरक हा नेहमी परिणाम समजा, कारण दुसरीकडे शोधा. --बिल्ड-आयडी=नन लावून तो बंद करायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. कोअर डंप आला की डीबग सिंबल त्याच्यावरूनच शोधले जातात.

उपाय: सीमेक_बिल्ड_आरपाथ_यूज_ओरिजिन ऑन करा, ३.१४ पासून आहे. मग पूर्ण पाथाऐवजी $ओरिजिनपासूनचा सापेक्ष पाथ जातो आणि वर्कस्पेसचं नाव आत शिरतच नाही.

दुसरा प्रश्न. गिट २.११ पासून छोट्या हॅशची लांबी रेपोत अंदाजे किती ऑब्जेक्ट आहेत त्यावर ठरते. एका एजंटवर पूर्ण क्लोन आहे, दुसऱ्यावर शॅलो (अपुऱ्या इतिहासाचा) असणार. ऑब्जेक्ट कमी, म्हणून अक्षरं कमी. --अबरेव्ह=४० देऊन पूर्ण हॅशच घ्या. १२ दिलं तरी चालतं असं वाटतं, पण तो किमान आकडा आहे. तेवढ्यात ओळख पटली नाही तर गिट लांबी वाढवतो. शॅलो क्लोन बंद करा आणि जेनकिन्सच्या गिट सेटिंगमध्ये टॅग आणायचे की नाही ते दोन्ही जॉबना सारखं ठेवा. टॅग नसले तर डिस्क्राइब चुकतं किंवा जुनाच टॅग दाखवतं.

'डर्टी' म्हणजे ट्रॅक केलेली एखादी फाइल बिल्डनेच बदलली. व्हर्जन स्ट्रिंग काढायच्या आधी गिट स्टेटस छापून लॉगमध्ये घ्या, नाव लगेच सापडेल. सहसा व्हर्जन सेट करणारी स्क्रिप्ट पॉम बदलते, किंवा कुठे वेब स्क्रीन असेल तर एनपीएम इन्स्टॉल पॅकेज-लॉक फाइल पुन्हा लिहितं. एनपीएम सीआय वापरा: लॉक फाइल आणि पॅकेज फाइल जुळत नसतील तर ते थांबतं, बदल करत नाही.

---

एस्क्रोवाली

बिल्ड जुळलं म्हणजे एस्क्रो जुळला असं नाही. करारातली चाचणी तुमच्या एजंटवर होणार नाही, इंटरनेट नसलेल्या खोलीत होणार असं धरून चाला.

सोर्स कशात देताय? गिट आर्काइव्हने टार काढलीत तर तिच्यात .गिट फोल्डर नसतं. म्हणजे डिस्क्राइब चालणार नाही, गिट लॉगवरून इपॉक निघणार नाही, सबमॉड्यूल (रेपोत जोडलेले दुसरे रेपो) रिकामे येतील. तुमची स्क्रिप्ट अशा वेळी बहुधा 'अननोन' लिहून पुढे जाते आणि हॅश तिथेच फसतो. त्यापेक्षा गिट बंडल द्या, एकच फाइल असते, तिच्यावरून क्लोन करता येतं. सबमॉड्यूल असतील तर प्रत्येकाचा वेगळा बंडल. आणि टॅग किंवा गिट न सापडल्यास स्क्रिप्ट थांबली पाहिजे, अंदाजाची किंमत भरून पुढे जायला नको.

गिटहबच्या रिलीज पानावर आपोआप बनणारी सोर्स टार एस्क्रोत ठेवू नका. ती मागणी आल्यावर तयार होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथे कॉम्प्रेशनची पद्धत बदलली तेव्हा मजकूर तोच असूनही एसएचए बदलले, लोकांची बिल्ड्स अडली आणि बदल मागे घ्यावा लागला. हाताने बनवलेली टार तर नकोच. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये जो मागचा दरवाजा निघाला, त्याला चालू करणारी एम४ (बिल्ड स्क्रिप्टची) फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. टार आणि टॅग यांची तुलना आपोआप होत असती तर हा फरक उठून दिसला असता. तुमच्या बँकेचं कलम वाचायला जाचक वाटतं, पण ते नेमकं हेच मागतंय.

मावेनची डिपेन्डन्सी. डिपेन्डन्सी:गो-ऑफलाइन यावर विसंबू नका, प्लगइन चालताना जे मागून खेचतात (टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायरचे प्रोव्हायडर हे नेहमीचं उदाहरण) ते त्यातून सुटतं. खात्रीचा मार्ग: लोकल रेपो पूर्ण रिकामा करा, टेस्टसकट पूर्ण बिल्ड चालवा, मग तो रेपो जसाच्या तसा एस्क्रोत ठेवा. त्याच्या प्रत्येक फोल्डरमध्ये _रिमोट.रिपॉझिटरीज नावाची छोटी फाइल असते, आर्टिफॅक्ट कोणत्या आयडीच्या रेपोतून आला ते तिच्यात लिहिलेलं असतं. ऑफिसातल्या सेटिंग्ज.एक्सएमएलमध्ये मिररचा आयडी एक आणि एस्क्रोच्या मशीनवर दुसरा असला तर जार समोर असूनही मावेन ३ ऑफलाइनमध्ये 'सापडला नाही' म्हणतो. तीच सेटिंग्ज फाइल सोबत द्या.

मग इमेज लोड करा, डॉकर रनला --नेटवर्क=नन लावा, मावेनला -ओ द्या आणि बिल्ड करा. यातून एसएचए जुळला तरच ठेव पूर्ण झाली म्हणा. हे प्रत्येक रिलीजच्या जॉबमध्येच शेवटची पायरी म्हणून बसवा. वर्षाअखेरीला एकदा करायला गेलात तर मधल्या कोणत्या कमिटने बिघडवलं ते शोधत बसावं लागेल.

सही. जार साइनरने सही केलेला जार पुन्हा बनवून जुळणार नाही. त्रयस्थाकडे तुमची की नसते, आणि टाइमस्टॅम्प सर्व्हरची वेळही सहीत असते. म्हणून करारात एसएचए सहीपूर्वीच्या फाइलचा लिहा. पॅकेजवरची सही वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पॅकेजला हात लावू नका.

एक विचारते: यूएटी (ग्राहकाची स्वीकृती चाचणी) आणि प्रॉडक्शनला पॅकेज एकच जातं का?

---

टॅग_आणि_टारबॉल

नाही. मावेनची दोन प्रोफाइल आहेत, यूएटी आणि प्रॉड. डेटाबेसची यूआरएल, लॉगची पातळी आणि दोन-तीन फीचर फ्लॅग प्रोफाइलप्रमाणे जारमध्ये भरले जातात. यूएटी पास झालं की त्याच टॅगवरून प्रॉड प्रोफाइलने दुसरं बिल्ड होतं.

---

एस्क्रोवाली

मग बँकेच्या टेस्टर मंडळींनी तपासलेली फाइल प्रॉडक्शनला जातच नाही. तिच्यासारखी दुसरी जाते. एसएचएचं काम एवढ्या मेहनतीने करताय तर हे आधी मिटवा. नाहीतर दर एन्व्हायर्नमेंटला एक याप्रमाणे एस्क्रोतही तेवढीच पॅकेजेस ठेवावी लागतील.

एन्व्हायर्नमेंटप्रमाणे बदलणारं सगळं जारबाहेर काढा. बाहेरची प्रॉपर्टीज फाइल किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, तुमच्या ऑपरेशन्सना जे सोयीचं पडेल ते. ती कॉन्फिग वेगळ्या रेपोत, तिलाही टॅग. पासवर्ड त्या रेपोतही नको. काढून झालं की पॉममधली प्रोफाइल डिलीट करा, 'असू दे' म्हणून ठेवली तर कुणीतरी वापरतंच. एक किल्ली कॉन्फिगमध्ये नसेल तर ॲप सुरूच होऊ नये अशी तपासणी टाका. जुनी डीफॉल्ट किंमत धरून गुपचूप चालू होणं हा या बदलातला सगळ्यात मोठा धोका आहे.

त्यानंतर रिलीज म्हणजे नवं बिल्ड नाही, तीच फाइल पुढच्या रेपोत हलवणं. नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीत (बनलेली पॅकेजेस साठवणारे सर्व्हर) स्टेजिंग आणि रिलीज असे दोन रेपो ठेवा. रिलीजच्या रेपोवर पुन्हा लिहिण्याची परवानगी बंद. तीच आवृत्ती दुसऱ्यांदा चढवता आली तर वरच्या सगळ्या हॅशना अर्थ उरत नाही.

---

हॅशजुळव

फीचर फ्लॅग बाहेर काढताना एक काळजी घ्या: जुन्या, बंद पडलेल्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला कधीच पुन्हा वापरू नका. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नाही, आणि नव्या कामासाठी पुन्हा वापरलेल्या फ्लॅगने त्या सर्व्हरवरचा जुना, मेलेला कोड जागा केला. पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरहून जास्त गेले.

म्हणून डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी प्रत्येक सर्व्हरवर एसएचए-२५६ तपासा, पॅकेजचाही आणि उलगडलेल्या फाइलींचाही. त्यासाठी पॅकेजच्या आत सगळ्या फाइलींच्या हॅशची यादी ठेवा. यादी एलसी_ऑल=सी लावून सॉर्ट केलेली हवी, आणि टार बनवायच्या आधी तयार झालेली. लोड बॅलन्सरमध्ये सर्व्हर परत घ्यायचा तो ही तपासणी पास झाल्यावरच. एकही सर्व्हर नापास झाला तर स्क्रिप्ट नॉन-झिरो कोड देऊन थांबली पाहिजे. लाल अक्षरात इशारा छापून पुढे जाणारी स्क्रिप्ट रात्रीच्या रिलीजला कुणी वाचत नाही.

---

टॅग_आणि_टारबॉल

आरपाथचा फ्लॅग लावला, पाथ बदलूनही प्रोग्रॅम जुळला. आता दोन्ही एजंटांवर, --नेटवर्क=नन मध्येसुद्धा, पूर्ण पॅकेजचा एसएचए एकच येतोय. प्रोफाइल काढायचं काम पुढच्या रिलीजला घेतोय, तोपर्यंत यूएटी आणि प्रॉड दोन्हींचे हॅश एस्क्रोच्या यादीत लिहू.

एकच शंका राहिली: आज जुळलंय, पण कुणी उद्या नवीन कोड टाकताना हे मोडलं तर लगेच कसं कळेल? दोन्ही एजंट आता इतके सारखे झालेत की फरक दिसणारच नाही असं वाटतं.

---

जुना_मेकफाइल

बरोबर ओळखलंत, म्हणूनच तपासणीच्या बिल्डमध्ये मुद्दाम फरक घालायचा. डेबियनवाल्यांचं रीप्रोटेस्ट हेच करतं: तेच सोर्स दोनदा बिल्ड करतं आणि दुसऱ्या वेळी पाथ, टाइमझोन, लोकॅल, युमास्क, होम फोल्डर, घड्याळ वगैरे बदलतं. मग दोन्ही निकाल डिफोस्कोपला देतं. --व्हॅरी देऊन काय बदलायचं ते निवडता येतं. घड्याळ पुढे नेणारा भाग सुरुवातीला बंद ठेवा, त्याने टीएलएस सर्टिफिकेट मुदत संपल्यासारखी दिसतात आणि मावेन डाउनलोडवरच पडतं. ऑफलाइन रेपो लावल्यावर तोही चालू करा.

रात्रीच्या जॉबमध्ये मुख्य ब्रँचवर चालवा. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर नको, बिल्डचा वेळ दुपटीहून जास्त होतो आणि लोक तो जॉब बंद करायला लावतात. डिफोस्कोपचा एचटीएमएल रिपोर्ट जॉबच्या आर्टिफॅक्टमध्ये ठेवा. सकाळी जो बघेल त्याला पुन्हा बिल्ड न करता फाइल आणि सेक्शन समोर दिसतील, आणि आदल्या दिवसाच्या कमिटमध्ये शोधायची जागाही तेवढीच उरेल.